ओले धान, कोरडे निकष

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. आजही दोघांची अन्नाची गोष्ट एकत्रच सांगावी लागते. ही गोष्ट आजवर मुख्यतः पुरेपणाच्या अंगाने सांगितली गेली. किती पिकले, रेशनवर किती उतरले, मुलांचे वजन किती भरले, यांवर अहवाल निघाले आणि योजना आल्या. धान्यात बुरशीने सोडलेल्या विषांचा विषय त्यामानाने मागे राहिला. याचे एक कारण त्या विषांच्या स्वभावातच आहे. ती डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत आणि नेहमीच्या शिजवण्याने पूर्ण जात नाहीत. शिवाय बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशी दिसणाऱ्या दाण्यात विष असेलच असे नाही, आणि बुरशी झटकून, उन्हात घालून स्वच्छ केलेल्या दाण्यात ते टिकून राहिलेले असू शकते. त्यामुळे 'चांगले दिसते' हा घरातला निकष आणि 'मर्यादेत आहे' हा कायद्याचा निकष यांची गाठ पडतेच असे नाही. हा आढावा त्या दोन निकषांमधल्या जागेचा आहे. माझ्या वाचनातून निघणारे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या दोन जिल्ह्यांपुरता प्रश्नाचा मोठा भाग दोन ठिकाणी आहे : कापणीपासून साठवणीपर्यंतच्या काही आठवड्यांतला ओलावा, आणि वर्षभर एकाच धान्यावर भागणारे ताट. बाकीचे उपाय या दोहोंना जितके भिडतात, तितकेच ते इथे उपयोगी ठरतील.

पार्श्वभूमी

या विषयाचा आधुनिक इतिहास पक्ष्यांपासून सुरू होतो. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. शोध घेतल्यावर धागा ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला. त्या पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष सापडले आणि बुरशीच्याच नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. पुढे फ्युमोनिसिन, ओक्राटॉक्सिन, डीऑक्सिनिव्हॅलेनॉल अशी बरीच नावे यादीत आली. तरी माणसाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर अफ्लाटॉक्सिनच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

भारतातली सर्वांत ठळक घटना १९७४ ची आहे. त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या लगतच्या आदिवासी जिल्ह्यांत दोनशेहून अधिक गावांत काविळीची आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले होते. मक्याच्या नमुन्यांत किलोमागे ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन मिळाले, म्हणजे आजच्या भारतीय मर्यादेच्या शेकडो पट. ज्या घरांत माणसे आजारी पडली, त्याच घरांतली तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली होती. कारणांची साखळी साधी होती. कापणीच्या तोंडावर अवेळी पाऊस झाला, कणसे ओली राहिली, ती तशीच साठवली गेली, आणि घरात दुसरे धान्य नव्हते. पंचमहाल इथून दूर आहे आणि तिथले पीक वेगळे. पण जंगलालगतची कोरडवाहू शेती, घरचेच धान्य खाणारी कुटुंबे आणि परतीच्या पावसाचा लहरीपणा या गोष्टी वैनगंगेच्या खोऱ्यातल्या माणसाला ओळखीच्या वाटतील.

दुसरी घटना दख्खनच्या पठारावरची, १९९५ ची. अवेळी पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाल्लेल्या घरांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब सुरू झाले. पाहणी केलेल्या ५० गावांपैकी २७ गावांत हा त्रास आढळला आणि तो फक्त असे धान्य खाणाऱ्यांनाच होता. तपासात संशय फ्युमोनिसिनवर आला. लोक आपोआप बरे झाले, कोणी दगावले नाही, म्हणून ती घटना लवकर विसरलीही गेली. चंद्रपूरच्या पश्चिमेकडील वरोरा, राजुरा, कोरपना या तालुक्यांत जिथे ज्वारीची भाकरी अजून ताटात आहे, तिथे हा संदर्भ तांदळापेक्षा जवळचा आहे. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी विदर्भाला नवी नाही.

तिसरा धागा कोदोचा. गडचिरोलीच्या डोंगराळ भागात धानाबरोबर कोदो, कुटकी ही बारीक धान्येही घेतली जातात. कोकणात कोदोलाच हरीक म्हणतात. या धान्याने कधीकधी गुंगी, चक्कर, उलट्या होतात हे ते पिकवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. उत्तरेकडच्या पट्ट्यात अशा कोदोला 'मतौना' असा वेगळा शब्दच आहे. यामागे सायक्लोपायझोनिक आम्ल हे बुरशीचे विष असल्याचे संशोधनातून पुढे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगडमध्ये कोदोच्या शेतात चरलेले दहा हत्ती मेले, तेव्हा या विषाचे नाव वर्तमानपत्रांत आले. २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेले हत्ती गडचिरोलीच्या शेतांतही फिरत आहेत, ही त्या बातमीला जोडून येणारी स्थानिक बाजू.

तांदळाचे आकडे

या दोन जिल्ह्यांच्या पूर्वेकडील मुख्य अन्न तांदूळ आहे. तांदूळ मका आणि भुईमुगाच्या तुलनेत सुरक्षित समजला जातो आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. चीनमधील चिदोंग हा जिल्हा यकृताच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध होता. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांचे मुख्य अन्न मक्यावरून तांदळाकडे वळले. शरीरातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा झपाट्याने घटल्या आणि पुढे त्या कर्करोगाने होणारे मृत्यूही बरेच खाली आले. म्हणजे जगातल्या सर्वांत यशस्वी उदाहरणात तांदूळ हा उपाय होता. मग तांदूळच खाणाऱ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीने काळजी का करावी?

उत्तर भारतीय सर्वेक्षणांतून मिळते, पण ते एकसुरी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने ११ राज्यांतून घेतलेल्या उकड्या तांदळाच्या सुमारे दीड हजार नमुन्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३८.५ टक्के नमुन्यांत किलोमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक अफ्लाटॉक्सिन बी-१ होते आणि १७ टक्के नमुने तेव्हाच्या ३० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे होते. तीन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात २० राज्यांतले १२०० नमुने होते. त्यांतल्या दोन-तृतीयांश नमुन्यांत विषाचा अंश सापडला, पण मर्यादा ओलांडणारे साधारण २ टक्केच होते. सतरा आणि दोन यांतला फरक कुणाची चूक दाखवत नाही. उकडा तांदूळ तयार होताना पुन्हा भिजतो आणि पुन्हा वाळवावा लागतो, आणि तो नीट वाळला नाही तर बुरशीला दुसरी संधी मिळते. नमुना कुठून घेतला, भिजलेल्या धानाचा घेतला की गोदामातल्या पोत्याचा, यावरही आकडा हलतो. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते. काही मोजक्या दाण्यांत ते साठलेले असते आणि चमचाभर नमुन्यात ते दाणे आले तर पोते विषारी, न आले तर निर्दोष ठरते. राष्ट्रीय आकड्यातून मूल किंवा धानोरा तालुका वेगळा काढता येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

त्यानंतर देशाने मर्यादा कडक केली. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार तृणधान्यांत एकूण अफ्लाटॉक्सिन किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. युरोपीय संघात हीच मर्यादा साधारणपणे ४ आहे. पण मर्यादा किलोमागे मोजतात आणि माणूस ताटामागे जेवतो. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या ५० किलोच्या माणसाच्या तांदळात किलोमागे फक्त ५ मायक्रोग्रॅम विष असेल, तर रोज २ मायक्रोग्रॅम पोटात जाते. १५० ग्रॅम खाणाऱ्या १० किलोच्या मुलाच्या पोटात पाऊण मायक्रोग्रॅम जाते, पण वजनाच्या प्रमाणात हा भार मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो. पंचमहालात लोकांच्या पोटात रोज काही मिलिग्रॅम विष जात होते, म्हणजे इथल्या आपल्या हिशेबाच्या हजार पट. त्यामुळे इथे तशी साथ येईल अशी भीती घालणे चुकीचे ठरेल. मात्र कायदेशीर मर्यादेच्या एक-तृतीयांश असलेला तांदूळही तीन वेळ, बारा महिने खाल्ल्यावर नगण्य उरत नाही. अफ्लाटॉक्सिन जनुकांवर घाव घालते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याची 'इतपत चालेल' अशी दैनिक पातळी ठरवलेली नाही. शक्य तितके कमी, एवढेच ते सांगतात.

आरोग्यावरचे परिणाम : ठरलेले आणि वादातले

तीव्र विषबाधा आणि यकृताचा कर्करोग या दोहोंबद्दल फारसा वाद नाही. हिपॅटायटिस बी आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की धोका बेरजेने वाढत नाही, गुणाकाराच्या जवळ जातो, हेही मान्य झाले आहे. वाद आहे तो मुलांच्या वाढीचा, आणि गडचिरोलीसाठी तोच महत्त्वाचा आहे. बेनिन आणि टोगोमधल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त होत्या, ती मुले वयाच्या मानाने खुजी आणि हलकी होती. संबंध स्पष्ट होता. पण ज्या घरात निकृष्ट धान्य असते, त्याच घरात दूध-अंडी नसतात, पाणी अस्वच्छ असते, आजारपणे जास्त असतात. कारण कोणते आणि सोबती कोणते, हे अशा अभ्यासातून सुटे करता येत नाही. केनियातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही गावांतल्या कुटुंबांना दूषित मका बदलून चांगला दिला गेला. शेवटच्या मोजणीत रक्तातील विष कमी झाले होते, पण उंचीत ठाम फरक दिसला नाही. मध्यावर घेतलेल्या मोजणीत मात्र काही फरक दिसला होता. एक बाजू यावरून म्हणते की खुजेपणाचे ओझे बुरशीवर टाकणे घाईचे आहे. दुसरी म्हणते की मूल पोटात असल्यापासून संरक्षण मिळाले नाही तर परिणाम दिसणार कसा. दोन्ही युक्तिवाद पुराव्याला धरून आहेत. ज्या जिल्ह्यात बालमृत्यू आणि कुपोषणाची मोजदाद डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावपातळीवर शिकवली, तिथे या वादाची निकड वेगळ्याने सांगायला नको. पण निकड हा पुरावा नव्हे. त्यामुळे बुरशी कमी केली की मुले उंच होतील, असे आश्वासन कुणी देऊ नये.

ओलावा कुठून येतो

आता खाचरात, म्हणजे इथल्या भाषेत बांधीत, उतरू. हलके धान ऑक्टोबरात कापणीला येते, मध्यम आणि भारी नोव्हेंबर-डिसेंबरात. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच दोन-चार दिवस वाळत पडतात, मग त्यांचे भारे बांधून पुंजणे रचले जातात आणि सवडीने मळणी होते. कापणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांच्या वर ओलावा असतो. सुरक्षित साठवणीला तो १४ टक्के किंवा त्याखाली यावा लागतो. हा सहा-सात टक्क्यांचा प्रवास कडपेवर आणि पुंजण्यात व्हायचा, आणि नेमका त्याच काळात परतीचा पाऊस येतो. कडपा भिजल्या की दाण्याला कोंब फुटतात. भिजल्या अवस्थेत पुंजणे रचले तर आत उष्णता धरते आणि बुरशीला हवी तशी ऊब तयार होते. हार्वेस्टरने कापणी वाढल्यापासून कडप्यांचा धोका घटला, पण यंत्रातून दाणा ओलाच बाहेर पडतो आणि वाळवणीची सगळी जबाबदारी खळ्यावर किंवा डांबरी रस्त्यावर येते.

उन्हाळी धानाची अडचण उलटी आहे. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर देसाईगंज-आरमोरी पट्ट्यात आणि विहिरी-तलावांवर इतरत्र उन्हाळी धान होते. ते मे-जूनमध्ये निघते. कापणीच्या वेळी चंद्रपूरचे ऊन देशातल्या सर्वांत कडक उन्हांपैकी असते, पण मळणी आणि विक्री होईपर्यंत मृगाच्या सरी येऊन ठेपतात. आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर आलेले धान गोदामांच्या कमतरतेमुळे उघड्यावर, ताडपत्रीखाली, भरडाईची वाट पाहत राहते, आणि पावसाळ्यात ते सडल्याच्या, उगवल्याच्या बातम्या अनेक वर्षे येत आहेत. हेच धान पुढे तांदूळ होऊन शिधावाटपात जाते, म्हणून प्रश्न केवळ सरकारी नुकसानीचा राहत नाही.

तिसरी वेळ घरातली आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. १४ टक्के ओलाव्याचे धान साधारण ७० टक्के दमट हवेशी समतोल राखते. आषाढ-श्रावणात इथली हवा त्याहून बरीच ओली असते. शेणामातीने लिंपलेली बांबूची ढोली किंवा तागाचा बारदाना हवेला अडवत नाही, त्यामुळे डिसेंबरात खडखडीत भरलेले धान ऑगस्टपर्यंत हळूहळू ओल ओढून घेते. शिवाय पूर. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेने ब्रह्मपुरी-देसाईगंजकडची घरे धान्यासकट भिजवली, आणि पर्लकोटा नदीच्या फुगवट्याने भामरागडची घरे पाण्याखाली जाणे हे जवळपास दरवर्षीचे आहे. पुरात भिजलेले धान टाकून देणे परवडत नाही. ते उन्हात घालून पुन्हा खाल्ले जाते.

इथे बाजाराचा हिशेब समजून घ्यावा लागतो. सरकारी खरेदीत धानाला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. २० टक्के ओलाव्याचे एक क्विंटल धान १४ टक्क्यांवर आणले तर ते ९३ किलो भरते. १७ वरून १४ वर आणले तरी साडेतीन किलो घटतात. २०२४-२५ च्या २३०० रुपये आधारभूत दराने ही तीन टक्क्यांची वाळवणी शेतकऱ्याला क्विंटलमागे सुमारे ८० रुपयांना पडते, आणि जास्त वाळवल्याबद्दल दर वाढत नाही. विकायचे धान कमी वाळवण्यात शेतकऱ्याचे हित आहे, आणि हा त्याचा दोष नाही.

उपायांच्या बाजू

उपाय सुचवणाऱ्यांचे ढोबळपणे चार गट दिसतात. पहिला गट नियम आणि तपासणीवर भर देतो. खरेदीच्या निकषांत ओलावा, डागी, रंग बदललेले आणि कोंब आलेले दाणे मोजतात. ही मोजणी डोळ्यांनी आणि ओलावामापकाने होते, विषाची चाचणी केंद्रावर होत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने स्वस्त चाचणी-संच विकसित केल्याला बरीच वर्षे झाली आणि ते गोदाम-गिरणीच्या पातळीवर वापरावेत ही मागणी रास्त आहे. शिधावाटपाचा तांदूळ हा लाखो माणसांचा एकच उगम असल्याने तिथली एक चाचणी पुष्कळ ताटांना उपयोगी पडते. पण कायदा विक्रीला लागू होतो. घरचे धान घरीच खाणारा माणूस त्याच्या कक्षेबाहेर राहतो. इतकेच काय, निकष कडक झाले आणि नाकारलेले धान परत घरी आले, तर बाजार स्वच्छ होऊन घरचे ताट अधिक खराब होण्याची शक्यता आहे.

दुसरा गट काढणीनंतरच्या साध्या उपायांचा. याचा सर्वांत भक्कम पुरावा पश्चिम आफ्रिकेतील गिनीचा आहे. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात वीस गावांपैकी निम्म्या गावांतल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांना उपायांचा एक संच दिला गेला. खराब शेंगा हाताने वेगळ्या काढायच्या, भुईवर न वाळवता चटईवर वाळवायचे, नैसर्गिक धाग्यांच्या पोत्यांत भरायचे, पोती लाकडी फळ्यांवर ठेवायची आणि किडींचा बंदोबस्त करायचा. पाच महिन्यांनी त्या गावांतल्या लोकांच्या रक्तातील अफ्लाटॉक्सिनची सरासरी खूण दुसऱ्या गावांच्या निम्म्याहून कमी होती. यंत्रे नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. हा अभ्यास भुईमुगाचा होता, धानाचा नव्हे, आणि धानात दाणा-दाणा निवडणे शक्य नसते. तरी वाळवण, जमिनीपासून उचल आणि किडीचा बंदोबस्त हे तीन घटक जसेच्या तसे इथे लागू पडतात. हवाबंद पिशव्यांचा प्रचारही याच गटातून होतो. त्या श्रावणातली ओल अडवतात, पण धान आधी नीट वाळलेले असेल तरच. ओले धान हवाबंद केले तर ते आंबून खराब होते. म्हणून ओलावामापक आधी आणि पिशवी नंतर, असा क्रम लागतो, आणि अनुदानाच्या याद्यांत तो सहसा उलटा असतो. ढोलीच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही ऐकायला हवे. तिच्यातून हवा खेळते, किंचित ओलसर धान तिच्यात हळूहळू वाळत राहते आणि ती गावातच विणली जाते. कोरड्या महिन्यांत ढोली सरस, पावसाळ्यात पिशवी, असे दोन हंगामी वापर का होऊ नयेत, हा मला दोन्ही बाजूंपेक्षा जास्त व्यवहार्य वाटणारा पर्याय आहे.

तिसरा गट आहार बदलण्याचा आग्रह धरतो. कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१५ साली पंधरा उपायांची छाननी करून जे चार अंमलबजावणीस तयार ठरवले, त्यांत आहारातील विविधता होती. बाकीचे तीन म्हणजे निवडणी, काढणीनंतरच्या उपायांचा संच आणि लॅटिन अमेरिकेपुरती मक्यावर चुन्याच्या पाण्याची सुधारित प्रक्रिया. विविधतेचा तर्क सरळ आहे. एका धान्याचा वाटा घटला की त्या धान्यातल्या विषाचाही वाटा घटतो. जंगलाने या बाबतीत इथल्या माणसाला थोडी सूट दिलेली आहे : कंद, बांबूचे वास्ते, चारोळी, रानभाज्या, पावसाळ्यात सात्या. (सात्याही बुरशीच, पण खाण्याजोगी. सगळ्या बुरशीला एका काठीने हाकू नये.) अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना मिळणारे गरम जेवण आणि मुलांना मिळणारी अंडी ही या दृष्टीने बुरशीविरोधी योजनाही ठरते, जरी तिच्या शासन निर्णयाच्या डोक्यात तो हेतू नव्हता.

चौथा गट शरीराचे रक्षण करू पाहतो. हिपॅटायटिस बी ची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २००२ पासून प्रायोगिक आणि २०११ पासून देशभर आहे. धान्याला हात न लावता कर्करोगाचा धोका घटवणारा हा सर्वांत स्वस्त मार्ग. तो जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतल्या डोसवर बराच अवलंबून आहे, आणि पावसाळ्यात नदीपलीकडच्या पाड्यात घरी झालेल्या बाळंतपणात तोच चुकण्याची भीती असते. चिकणमाती किंवा क्लोरोफिलिनसारखे पदार्थ पोटात देऊन विष बांधण्याचे प्रयोग घाना आणि चीनमध्ये झाले आहेत. त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत, पण रोज गोळी देणे हा कायमचा उपाय म्हणून कुणी मांडत नाही.

स्वयंपाकघराचा वाटाही याच जागी नोंदवू. साध्या शिजवण्यात विष थोडेच घटते. कोरियातील एका प्रयोगात प्रेशर कुकरमध्ये ते बरेच जास्त घटल्याचे दिसले. अंबिलीसारख्या आंबवण्यातले जिवाणू विष धरून ठेवतात हे प्रयोगशाळेत दिसते. पोटात गेल्यावर ते सोडत नाहीत ना, हे ठरायचे आहे. सडलेल्या, म्हणजे पांढऱ्या केलेल्या तांदळात विष कमी असते, कारण त्याचा मोठा भाग कोंड्यात जातो. यातून एक खरा पेच उभा राहतो. हातसडीचा तांदूळ पोषणाला चांगला म्हणून त्याचा प्रचार होतो, आणि धान ओले साठवले गेले असेल तर त्याच तांदळात विष जास्त राहते. दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि तिढा पुन्हा वाळवणीपाशीच सुटतो.

लाखोळीचा दाखला

अन्नातल्या विषावर बंदीने उपाय करण्याचा प्रयोग या भागाने एकदा पाहिला आहे. धानाच्या बांधीत मागून पेरली जाणारी लाखोळी डाळ पाय लुळे करणाऱ्या रोगाशी जोडली गेली आणि १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ते विष बुरशीचे नव्हे, दाण्याचे स्वतःचे. तरी तुलना उपयोगी आहे. बंदी विक्रीवर होती, म्हणून पूर्व विदर्भात लाखोळी पिकत राहिली आणि घरात शिजत राहिली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि महाराष्ट्राने २००८ मध्ये ती उठवली. बंदी उठवण्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की धोका कायम होता आणि आहे. समर्थकांचा असा की रोग तेव्हाच होतो जेव्हा दुष्काळात महिनोन्‌महिने जेवणाचा मुख्य भाग लाखोळीच असते, वरणातल्या वाटीभर डाळीने नाही. मधल्या काळात 'रतन', 'प्रतीक' असे कमी विषाचे वाण आले. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण दोन गोष्टी दोन्ही बाजूंना मान्य होतील असे वाटते : कायदा घरच्या चुलीपर्यंत पोचला नाही, आणि विषाचा खरा साथीदार एकसुरी ताट होते.

आक्षेप

पहिला आक्षेप लोकांचा आहे. हेच धान पूर्वजांनी खाल्ले, काय झाले? यावर उत्तर असे की तीव्र बाधा क्वचितच होते आणि सावकाश होणाऱ्या यकृताच्या आजाराला घरात वेगळेच नाव मिळते. मात्र भारतात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्व आशिया आणि आफ्रिकेच्या तुलनेत कमी आहे, हे या आक्षेपाच्या बाजूने मान्य करावे लागते. दुसरा आक्षेप आरोग्यसेवकांचा आणि अधिक वजनाचा. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा ज्या गडचिरोलीतून येतो, जिथे सिकलसेल आहे, तिथे बुरशीसाठी माणसे आणि पैसा कुठून आणायचा? यासाठी वेगळी मोहीम काढायची असती तर मी या आक्षेपापुढे थांबलो असतो. पण ज्या उपायांना पुरावा आहे ते कृषी विभाग, खरेदी यंत्रणा आणि अंगणवाडी यांच्या चालू कामातच बसतात. नीट वाळलेल्या धानाची भरडाई चांगली होते, तुकडा कमी पडतो, बियाणे उगवते. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राला किंवा खरेदी केंद्राला यासाठी नवे ध्येय शिकवावे लागत नाही. तिसरा आक्षेप असा की अशा चर्चेने कोदो, मोह, ढोली यांना बदनामी येते आणि दुकानातले पाकीट जिंकते. ही भीती अनाठायी नाही. कोदोबद्दल पुरावा काय सांगतो ते म्हणूनच नेमके बोलले पाहिजे : दोष धान्यात नाही, पावसात सापडलेल्या कणसातल्या बुरशीत आहे.

न सुटलेले

निवडून काढलेल्या दाण्याचे काय होते, हा या क्षेत्रातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. गिनीत शेंगा वेगळ्या काढल्या हे नोंदले गेले. इथे डागी धान कोंबडीला जाते, कणी गरीब घरात स्वस्तात जाते, कोंडा गुरांना जातो. कोंबडी आणि गुरांच्या मार्गाने ते अंशतः माणसाकडे परतते, कणीच्या मार्गाने थेट. निवडणी ज्या घराला परवडते त्याचा भार हलका होतो आणि शेजारच्या घराचा वाढू शकतो. खराब धान किमान दराने खरेदी करून अन्नसाखळीबाहेर, उदाहरणार्थ इथेनॉलला, नेण्याची कल्पना मांडली जाते. तिच्या वाहतुकीचा खर्च कोण उचलणार यावर एकमत नाही. वनहक्क मिळालेल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळून दाखवला आहे, तेव्हा गावपातळीवर एक ओलावामापक आणि सामाईक वाळवणीचा ओटा ग्रामसभेकडे द्यावा, की ते काम खरेदी संस्थेचे, हाही खुला प्रश्न आहे. मला पहिला पर्याय बरा वाटतो, कारण घरी खायचे धान खरेदी संस्थेच्या दारात येतच नाही.

मोजणीचा प्रश्न यातूनच निघतो. आजवरचे नमुने बहुतांशी बाजार, गिरणी आणि गोदामांतून आले. या दोन जिल्ह्यांसाठी पहिले सर्वेक्षण आखायचे झाले तर ते घरातून आणि ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यावे लागेल, जेव्हा साठा सर्वांत जुना आणि हवा सर्वांत ओली असते. जानेवारीत ढोलीच्या वरच्या थरातून घेतलेला नमुना नव्या धानाबद्दल सांगतो. श्रावणात तळातून घेतलेला नमुना त्या घरातली बाई आणि मूल काय खात आहेत ते सांगेल. त्याच भेटीत धान किती ओलाव्यावर भरले होते, ते पुरात भिजले होते का, आणि कणी-कोंडा कुठे गेला, हे तीन रकाने वहीत भरले, तर वरच्या चारही गटांना आपापला दावा पडताळून पाहायला निदान एक समान आकडा मिळेल.